उघडा बरा, मिटला आजारी

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं, दोरीवरचे कपडे फळ्यांसारखे ताठ लोंबत होते आणि आभाळ इतकं खाली उतरलं होतं की हात वर केला तर बोटं ओली होतील. अशा हवेत सरस वाळत नाही. आणि सरस वाळला नाही की भातेवाल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं बाक होतं. बाकावर एका बँडवाल्याचा अ‍ॅकॉर्डियन पोट उघडून पडलेला. त्याच्या भात्याचे कोपरे फाटले होते. भातेवाल्यांनी सरसाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात बसवलं, नखाएवढ्या चामड्याच्या चकत्या कापल्या आणि एकेका कोपऱ्यावर चिकटवून अंगठ्यानं दाबत बसले. अंगठा उचलला की चकती हळूच सुटून वर यायची. पुन्हा दाबायचे. पुन्हा यायची.

"हवाच मेली आहे आज," ते चकतीला म्हणाले.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. भाता असलेलं कुठलंही वाद्य, मग तो अ‍ॅकॉर्डियन असो, पेटी असो, नाहीतर पायानं हवा भरायचा जुना ऑर्गन असो, त्यांच्याकडे यायचं म्हणून ते भातेवाले. हे काम ते मामाकडे शिकले. मामाचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "भोक म्हणजे चोर. दिसलं की बुजव." डोळ्यांना न दिसणारं भोक कसं शोधायचं, तेही मामानंच दाखवलं होतं. गाल पाण्यानं ओला करायचा, भात्याच्या शिवणीजवळ न्यायचा आणि भाता दाबायचा. जिथे गालाला गार लागेल तिथे चोर. भातेवाल्यांचा डावा गाल त्यामुळे आयुष्यभर ओलाच. "माझ्यासाठी कधी डोळा ओला केला नाही ह्यांनी," बायको म्हणायची, "पण त्या पेट्यांसाठी गाल बघा कसा सदा भिजलेला!"

चकती दाबत असतानाच आतल्या खोलीतून सुनेचा आवाज ऐकू येत होता. ती एकटीच बोलत होती, पण वर्गासमोर बोलावं तसं: "आता ह्या त्रिकोणाचा हा कोन आपण उचलून इथे ठेवला, तर..." आणि तिथेच आवाज तुटला. मग ती दारात येऊन उभी राहिली, छातीशी लॅपटॉप धरून, ताप आलेल्या लेकराला धरावं तसा.

"बाबा, परत बंद पडला. हात लावून बघा ना, चटका बसतोय."

भातेवाल्यांचा अंगठा चकतीवरून सुटला.

ह्यातली मेख अशी की, तो लॅपटॉप परवाच त्यांनी स्वतः साफ केला होता. सून घरात येऊन वर्ष होत आलं, पण दोघांमध्ये बोलणं म्हणजे "चहा ठेवलाय" आणि "बरं". ती अबोल, हे संकोची. परवा मात्र ती आपण होऊन बाकापाशी आली. "बाबा, ह्याचा पंखा फार ओरडतो. तुम्ही एवढी बारीक कामं करता, बघता का?" तिनं काहीतरी मागण्याची ती पहिलीच वेळ. भातेवाल्यांना इतकं भरून आलं की बँडवाल्याला त्यांनी सरळ थांबवून ठेवलं. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीचं अस्तर जमलेलं. ते मऊ ब्रशनं काढलं, तांब्याच्या नळीपुढची जाळी फुंकून मोकळी केली. पंख्याभोवती स्पंजाच्या पट्ट्या होत्या, त्या कुजून भुगा झाल्या होत्या. त्या जागी त्यांनी नव्या पट्ट्या लावल्या. आणि हाताशी काम आलंच आहे तर अर्धवट कशाला सोडा, म्हणून जिथे जिथे हवा गळण्यासारखी जागा दिसली तिथे पेट्यांना लावतात ते काळं लोकरी फेल्ट मापात कापून सरसानं बसवलं. असं बसवलं की नखानं चाचपलं तरी जोड लागू नये. "घे," ते म्हणाले होते, "आता आवाज येणार नाही." त्यावर सून हसली होती. तिचं हसू त्यांनी त्याआधी नीट पाहिलंही नव्हतं.

आणि आता हे.

"आज दुपारीच आहे ना तुझं?" त्यांनी विचारलं. ठाऊक होतं तरी विचारलं.

"हो. जेवणं झाली की."

तिला आजवर शिकवण्या मिळायच्या त्या तुकड्या-तुकड्यानं, आज आहे उद्या नाही अशा. आता दुसऱ्या गावच्या एका शाळेत कायमची जागा निघाली होती, घरी बसून लॅपटॉपवर भूमिती शिकवायची. आज शाळेची माणसं समोर बसून तिचा एक धडा बघणार होती. तिनं हलणारे, फिरणारे, दुमडणारे त्रिकोण महिनाभर खपून त्या लॅपटॉपमध्ये तयार केले होते. ते फोनवर चालत नव्हते. धडा मध्येच बंद पडला, तर शाळेला काय, रांगेत दुसरे उभे होतेच.

"आण इकडे," भातेवाले म्हणाले. "मी केलंय, मीच बघतो."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "तुम्हीच केलंय म्हणून तर बघावं लागतंय!"

त्यांनी झाकण काढलं. लॅपटॉप दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून खालून आरसा धरला आणि सुनेला म्हणाले, "चालव तुझे त्रिकोण." पंखा भुर्रकन सुरू झाला. तारेची खुंटी जागेवर, पाती मोकळी. त्यांनी सुनेला तोच धडा पुन्हा म्हणायला लावला. धडा संपला, पाठचा प्रश्नोत्तरांचा भागही संपला. लॅपटॉप माठासारखा गार.

"बरा झाला की!" बायको हात पुसत येऊन म्हणाली.

झाकण लावलं. सून आत गेली. "आता ह्या त्रिकोणाचा हा कोन आपण उचलून इथे ठेवला, तर..." आणि पुन्हा आवाज तुटला.

भातेवाले बाकापाशी तसेच उभे राहिले. उघडा असला की बरा, मिटला की आजारी. असलं दुखणं त्यांनी वाद्यात कधी पाहिलं नव्हतं. वाद्याचं उलट असतं. उघडं पडलं की मुकं, मिटलं की गातं.

"तुमच्यासारखंच आहे ते," बायको म्हणाली. "चारचौघांत गार, घरात आलं की गरम."

"अगं, तू जरा गप्प बस."

"हे बघा, झालाच गरम."

शेवटी कोपऱ्यावरच्या चार्जरला बोलावलं. हाही एक गल्लीनं दिलेल्या नावाचा माणूस. मोबाइल, लॅपटॉप काहीही घेऊन जा, तो आधी चार्जिंगला लावायचा आणि मग बोलायचा. चिमटा कानावर खोचून तो आला, झाकण काढून आत डोकावला आणि जीभ टाळ्याला लावून 'चक्' असा आवाज केला.

"काका, पेस्ट वाळलीय."

"कसली पेस्ट?"

"ही चिप तापते. तिच्यावर हे तांबं बसतं. मधे पेस्ट लागते, नाहीतर उष्णता तांब्यात उतरत नाही. तुम्ही साफ करताना हलवलं असणार."

भातेवाल्यांनी त्या तांब्याला बोटही लावलं नव्हतं. पण तापलेल्या घरात आपली बाजू कोण ऐकतं? चार्जरनं जुनं खरवडलं, ट्यूबमधून वाटाण्याएवढी पेस्ट पिळली आणि तांबं दाबून बसवलं. झाकण न लावताच लॅपटॉप चालवला. गार. चार्जरनं भुवया उडवल्या. बायकोनं त्याला चहा दिला.

"झाकण लावून चालव," भातेवाले म्हणाले.

"काका, झाकणाचा काय संबंध? झाकण म्हणजे नुसतं झाकण."

"लाव तर."

झाकण लावलं. चार्जरचा चहा संपायच्या आत पंखा किंचाळायला लागला आणि पडदा काळा झाला.

चार्जरनं कप खाली ठेवला. लॅपटॉप उलटा केला, कानाला लावला, वासही घेतला. पुन्हा झाकण काढून ते आतून-बाहेरून फिरवून पाहिलं. आतलं काळं फेल्ट इतकं सफाईनं बसलं होतं की ते कंपनीनंच दिलंय असं कुणालाही वाटावं. त्याला तसंच वाटलं. "चांगल्या कंपनीचा आहे बघा, आतून अस्तर दिलंय," तो म्हणाला. भातेवाल्यांना कामाची ती पावती मनातून गोड लागली, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

"मग आता?" सुनेनं विचारलं.

"व्हायरस असेल."

"झाकण लावल्यावर येणारा?" बायको म्हणाली. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अरे बाबा, समजत नसेल तर नाही म्हणून मोकळा हो."

चार्जर डोकं खाजवत सुनेला म्हणाला, "वहिनी, आजचा दिवस उघडाच चालवा. ठोकळ्यांवर ठेवायचा. कुणाला दिसतंय?"

सुनेचे डोळे लकाकले. पण ठोकळ्यांवर ठेवलेला लॅपटॉप, ती पडद्यावर पेनानं रेषा ओढायला गेली की डुगडुगायचा. खालून तारा उघड्या, त्यातली एखादी निसटली तर धडा तिथेच संपला असता. "चालेल, बाबा," ती तरीही म्हणाली. "मी हळू लिहीन." तिचा आवाज इतका समजूतदार होता की भातेवाल्यांना तो रागावण्यापेक्षा जास्त लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मुलगा कामावरून बोलत होता. तिनं फोन भातेवाल्यांच्या कानाला लावला.

"बाबा, प्लीज आता कुणी हात लावू नका त्याला. मी रात्री दुकानात देतो."

"रात्री? तिचं दुपारी आहे."

"म्हणूनच म्हणतोय! पंखा ओरडत होता, पण चालत तरी होता ना?"

खरंच, धूळ होती तेव्हा चालत होता. धूळ गेली आणि बंद पडायला लागला. म्हणजे धूळ चांगली होती? त्यांनी फोन बायकोकडे दिला. आजवर त्यांच्या बाकावरून काही बिघडून परत गेलं नव्हतं. उशिरा गेलं असेल, पण बिघडून नाही.

"मला थोडा वेळ द्या," ते म्हणाले. "उघडं काम मी बाकावरून देत नाही."

चार्जर दुकानावर गेला, सासू-सून जेवायला बसल्या. भातेवाले म्हणाले, भूक नाही. लॅपटॉप झाकण लावून चालू केला. डावा गाल ओला केला आणि बाजूच्या जाळीपाशी नेला, जिथून पंख्याची गरम हवा बाहेर यायला हवी. गालाला काही लागलं नाही. आतून पंखा जिवाच्या आकांतानं फिरतोय हे ऐकू येत होतं, पण जाळीतून फुंकरही नाही. साफ करण्याआधी त्यांनी इथेच गाल लावून पाहिला होता, तेव्हा मिणमिणती का होईना, हवा येत होती. गाल खाली नेला, मागे नेला, कडेकडेनं फिरवला. कुठेच गळती नाही. भाता फिरतोय, गळत नाही, आणि तोंडातून हवाही येत नाही. मग हवा जाते कुठे?

मती गुंग झाली म्हणजे काय होतं, ते त्या घटकेला त्यांना कळलं. लॅपटॉप बंद करून ते स्टुलावर टेकले. हात रिकामे राहिले की त्यांना भीती वाटायची, म्हणून समोरचा अ‍ॅकॉर्डियन ओढला. मेलेल्या हवेतही एव्हाना चकत्या धरल्या होत्या. त्यांनी भाता दोन्ही बाजूंच्या लाकडी पेट्यांमध्ये बसवला, खिळे घातले, पट्ट्यात हात अडकवले आणि एकही सूर न दाबता भाता ओढून पाहिला.

भाता उघडेना.

उत्तम. भाता असा अडून बसला की समजायचं, काम फत्ते, कुठे टाचणीएवढंही भोक राहिलेलं नाही. मामा अशा वेळी भात्याच्या पाठीवर थाप मारायचा. भातेवाल्यांनीही सवयीनं थाप मारली. मग सवयीनंच त्यांचा अंगठा कडेच्या बटणावर गेला. त्या बटणाला सूर नसतो. ते दाबलं की नुसतं एक भोक उघडतं, हवा आत येते आणि भाता मोकळा होतो. हजारदा दाबलेलं बटण. दाबलं. सूंऽऽ करून हवा आत आली आणि भाता दोन्ही हातांमध्ये पसरला.

आणि भातेवाले तसेच हात पसरून बसून राहिले.

बटण सोडलं. ओढलं. उघडेना. बटण दाबलं. सूंऽऽ. पुन्हा सोडलं.

"अहो, काय लावलंय?" बायकोनं आतून विचारलं. "जेवत नाही ते नाही, वर पेटीशी कुस्ती!"

त्यांनी ऐकलं नाही. अ‍ॅकॉर्डियन बाजूला ठेवला, लॅपटॉपचं झाकण काढलं आणि उजेडाकडे धरलं. झाकणाच्या तळाला, बरोबर पंख्याखाली, चाळणीसारखी बारीक भोकं होती. परवा ती पाहिल्याबरोबर त्यांच्या मनात मामा बोलला होता. पंख्याची हवा पुढे जाळीकडे जायच्या ऐवजी एवढ्या भोकांमधून खाली गळत असणार, म्हणून तो बिचारा ओरडतोय, असा त्यांचा हिशेब. भात्याला तोंड एकच हवं. म्हणून त्यांनी त्या भोकांवर आतून फेल्टचा तुकडा बसवला होता. सगळ्यात सफाईदार तुकडा तोच.

"सोडणार कुठून," ते पुटपुटले, "घेऊच दिली नाही तर?"

मग एकच घाई. पण सरस त्यांचाच होता आणि ह्या वेळी नेमका वाळला होता. फेल्ट नखाला दाद देईना. त्यांनी सरसाखालचं पातेलं उचललं, नुसतं झाकण वाफेवर धरलं आणि सुरीच्या पाठीनं एकेक कड सैल करू लागले. आपलंच काम आपल्याच हातानं उखडताना माणूस कुणाला शिव्या देणार? त्यांनी मामाला दिल्या. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याला फरक पडत नव्हता.

सून हात धुऊन आली, तेव्हा ते कापडानं झाकणाची भोकं पुसत होते, टाचणीनं एकेक मोकळं करत होते.

"बाबा, वेळ होत आलीय. ठोकळे घेऊ का मी?"

"पोरी, ही भोकं..." त्यांनी झाकण पुढे केलं. "ही मुद्दाम ठेवलेली असतात का?"

तिनं भोकांकडे पाहिलं, मग बाकावर पडलेल्या फेल्टच्या काळ्या तुकड्याकडे. "हो. हवा आत घ्यायला."

"मी बुजवली होती."

तिनं तो तुकडा बोटांत धरून पाहिला आणि परत बाकावर ठेवला. भातेवाल्यांना वाटलं, आता ती आत जाईल आणि पुन्हा वर्षभर "चहा ठेवलाय" आणि "बरं". त्यांनी मान खाली घालून स्क्रू लावायला घेतले. एक स्क्रू हातातून निसटून बाकाखाली गेला. ती वाकली, तिनं तो शोधून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, धावणाऱ्या माणसाला तुम्ही नाकावरून मफलर गुंडाळला होतात."

त्यांनी वर पाहिलं. ती हसत नव्हती, पण हसू दाबत होती.

"आवाज करत होता ना," ते म्हणाले.

"आवाज बंद झालाच की. सगळाच."

दारात बायको उभी होती. "मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. तिनं असं काहीच म्हटलं नव्हतं.

झाकण लावलं. लॅपटॉप सुरू केला. त्रिकोण फिरायला लागले. भातेवाल्यांनी गाल ओला करून जाळीपाशी नेला. गरम हवेचा झोत असा आला की गालावरचं पाणी बघता बघता सुकलं. सुनेला त्यांनी नुसती मान हलवून सांगितलं. ती लॅपटॉप घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं.

धडा सुरू झाला, तसे भातेवाले बाकापाशी श्वास धरून बसले. हातोडी नको, सूर नको, सरसाचं पातेलंसुद्धा त्यांनी चिमट्यानं अलगद खाली ठेवलं. दाराआडून सुनेचा आवाज येत होता. "आता ह्या त्रिकोणाचा हा कोन आपण उचलून इथे ठेवला, तर..." भातेवाल्यांनी डोळे मिटले. "...तर तिन्ही कोन मिळून एक सरळ रेषा होते. कुणी सांगेल, असं का?" कुणीतरी काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. मग कुणीतरी हसलं, तीही हसली. आवाज कुठेच तुटला नाही.

त्या वेळात त्यांनी फेल्टचा उखडलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. मापात कापलेला, कडा एकसारख्या, कुठे सुरकुती नाही. इतकं चांगलं काम इतकं चुकीचं कसं असतं, हे त्यांना काही केल्या उमगेना. भोक म्हणजे चोर, हे खोटं नव्हतं. त्याच्यावर त्यांनी सगळा संसार केला होता. पण अ‍ॅकॉर्डियनच्या कडेचं ते बटण, तेही भोकच, आणि ते मामानंच त्यांना बसवायला शिकवलं होतं. मग मामानं त्याबद्दल कधी काही सांगितलं कसं नाही? की सांगितलं होतं, आणि आपणच बुजवून टाकलं?

दार उघडलं. सून बाहेर आली. कपाळावर घाम, पण चेहरा मोकळा.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं, आई. शेवटपर्यंत चालला. पुढच्या आठवड्यापासून शिकवायला सुरुवात करा म्हणाले."

बायकोनं दोन्ही हात गालाला लावले. भातेवाले उठू की नको अशा बेतात अर्धे उभे राहिले आणि तसेच खाली बसले.

"पंखा थोडा ओरडतोय मात्र," सून म्हणाली.

"ओरडू दे," ते घाईनं म्हणाले. "ओरडू दे त्याला."

"मी पण तेच म्हणणार होते." ती स्वयंपाकघराकडे वळली, मग दारातून मागे पाहून म्हणाली, "बाबा, ताट वाढते. आणि गाल पुसा, सरस लागलाय."

त्यांनी गालाला हात लावला. खरंच लागला होता. बाहेर दोरीवरच्या कपड्यांपैकी एक बाही किंचित हलली, की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे. त्यांनी गाल पुसला, अ‍ॅकॉर्डियन बाजूला सारला, बाकाखालची दुसरी पेटी पुढे ओढली आणि तिच्या भात्याच्या कोपऱ्यासाठी चामड्याची चकती कापायला घेतली. कात्री लावण्याआधी मात्र थांबले, भाता उजेडाकडे धरून त्या कोपऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. फाटलेलंच होतं. मग कापली.